कागदाबाहेरची चार बोटं

माझ्या भावाच्या बायकोला कारखान्यातल्या बायका पाठीमागे 'एक्स-रे' म्हणतात. समोर अर्थातच 'ताई'. संध्याकाळी कुणी घरी निघालं की ती दाराशी उभी असते. पिशवीला हात लावत नाही, उघडायला सांगत नाही, नुसती बघते. पण बघते अशी की पिशवीनेच लाजून तोंड उघडावं. मी तिची थोरली नणंद. तिच्याच घरात राहते, तिच्याच कारखान्यात काज-बटणं करते, तरी माझ्या पिशवीलाही तिने कधी सूट दिली नाही. "वन्सं, सवय मोडायला नको," म्हणते. सवय तिची की माझी, ते काही मी विचारत बसले नाही.

कारखाना म्हणजे रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिना इतका अरुंद की कापडाचा तागा उभा धरून वर न्यावा लागतो. पुढच्या खोलीत शिलाई मशीनं, इस्त्रीचं टेबल आणि आम्ही. मागच्या खोलीत कापणीचं लांबलचक टेबल, कापणीचं विजेचं मशीन आणि एक लोखंडी कपाट. आम्ही पांढरे कोट शिवतो. डॉक्टरांचे, नर्सचे, प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचे. कपाटात जाड तपकिरी कागदाचे नमुने टांगलेले असतात. पाठीचा, छातीचा, बाहीचा, कॉलरचा. ते कापडावर ठेवायचे, कडेने खडू फिरवायचा आणि कापायचं. हे काम वहिनी एकटी करायची, दार लावून. आमच्याकडे यायचे ते बांधलेले गठ्ठे. बाही कशी जन्माला येते हे वर्षानुवर्षं बाह्या जोडणाऱ्या बायकांना ठाऊक नव्हतं.

याला कारण आहे, आणि ते मला मान्य करावंच लागतं. धंदा सुरू केला तेव्हा वहिनीबरोबर तिची जिवलग मैत्रीण होती. दोघींनी एका ताटात जेवून, एका मशीनवर आलटून पालटून शिवून नाव कमावलं. एक दिवस मैत्रीण आजारी म्हणून आली नाही. मग महिनाभर आली नाही. मग समोरच्या रस्त्याला तिचं दुकान उघडलं आणि काचेत आमचाच कोट लागला, खिशाचा कोपरासुद्धा वहिनीने वळवला होता तसाच. वहिनी त्या काचेसमोर किती वेळ उभी होती कोण जाणे. माझा भाऊ तिला हाताला धरून घरी घेऊन आला. ते दुकान पुढे बुडालं, पण वहिनीच्या मनात ते अजून उघडंच आहे.

तिच्या संशयावर मी हवी तेवढी चिडते, पण त्याच संशयाने हा कारखाना उभा राहिला हेही तितकंच खरं. तागा आला की ती पूर्ण उलगडून मोजते, म्हणून कापडवाला आम्हांला कमी माप द्यायचं धाडस करत नाही. बटणं ती दाताखाली दाबून बघते. कुणी गोड बोलायला लागलं की तिचे कान टवकारतात. आजूबाजूच्या बायकांचे दोन-तीन धंदे माझ्या डोळ्यांदेखत भोळेपणाने बसले. वहिनीचा चालला. चालला खरा, पण दोन खोल्यांच्या बाहेर कधी गेला नाही. जेवढं तिच्या दोन डोळ्यांत मावेल तेवढंच ती काम घ्यायची.

मध्यंतरी छोटे उद्योग चालवणाऱ्या बायकांसाठी एक व्याख्यान होतं. फुकट. वहिनी गेली, कारण बाकीच्यांना तिथे काय मिळतं आणि आपल्याला काय मिळत नाही याचा तिला संशय होता. मला बरोबर ओढलं. भाषण करणाऱ्या बाई कडक इस्त्रीच्या, बोलायला चटपटीत. धंदा आधी मनात मोठा व्हावा लागतो, मगच तो बाहेर मोठा होतो, वगैरे. वहिनीने हात वर केला. "तुम्ही स्वतः काय विकता?"

बाई हसल्या. "मी विचार विकते."

"म्हणजे माल दाखवता येत नाही," वहिनी म्हणाली आणि सगळं सभागृह हसलं.

पण बाई काही कच्च्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ताई, मुठीत धरलेला धंदा मुठीएवढाच राहतो. तुम्ही चार दिवस आजारी पडलात तर तुमचं दुकान कोण चालवेल, एवढंच मला सांगा."

वहिनी खाली बसली. येताना रस्त्यात मात्र तिचा तिळपापड झाला होता. "मूठ उघडा म्हणतात. उघडल्यावर घ्यायला कोण उभं असतं, ते कुणी सांगत नाही."

घ्यायला कोण उभं आहे याचं उत्तर तिच्याजवळ तयार होतं. माऊ.

माऊ आमची सगळ्यांत चांगली शिवणारी. चालताना पावलांचा आवाज येत नाही म्हणून हे नाव पडलं. बोलायची कमी, आणि वहिनीच्या हिशेबी कमी बोलणारं माणूस म्हणजे काहीतरी दाबून ठेवलेलं माणूस. जेवणाच्या सुट्टीत माऊ खिडकीशी बसून टेबलावर बोटाने रेघा ओढायची. वहिनीने ते पाहिलं. जुनी शिलाई मशीनं विकणाऱ्या दुकानात माऊ वाकून एका मशीनचं चाक फिरवून बघत होती. वहिनीने तेही पाहिलं. त्या दिवशी भावाने भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तर त्यालाच बोलणी बसली.

"पाणी मुरतंय वन्सं. जरा लक्ष ठेवा तिच्यावर."

"मी काज करू की पहारा करू?" मी म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, मीही बघायला लागले. एकदा संशयाने बघायला लागलं की माणूस पाणी प्यायला उठला तरी त्यात डाव दिसतो. माऊ मागच्या खोलीच्या बंद दाराकडे टक लावून बघते असं मलाही दिसायला लागलं. तिच्या आधी एक उत्साही मुलगी होती. तिने एकदा सहज विचारलं होतं, "ताई, पाठीचा तुकडा असा मध्येच गोल का कापता?" दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर यायचं नाही म्हणून सांगितलं गेलं. तेव्हापासून आमच्याकडे कुणी कापणीबद्दल ब्र काढत नसे. माऊही काढत नव्हती, आणि वहिनीला त्याचाही संशय होता.

अशात नवीन मोठ्या इस्पितळाचं काम चालून आलं. सगळ्या डॉक्टरांचे, सगळ्या नर्सचे कोट. हे नीट झालं तर दरवर्षीचं काम बांधलेलं, आणि खालच्या रंगाच्या दुकानामागची मोठी जागा वहिनीला घेता येणार होती. तिने तिथे मशीनं कुठे ठेवायची हे मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं. झोपेत सुद्धा ती 'खिडकीकडे इस्त्री' असं काहीसं पुटपुटली, असं माझा भाऊ सांगत होता. हे काम हातचं गेलं असतं तर जन्मभर दोन खोल्याच. आम्हां सगळ्यांना ते कळत होतं.

कापड मागवतानाही तिने तिचंच शहाणपण वापरलं. नेमकं लागेल तेवढंच मागवलं. उरलं की कुणाच्या तरी घरी जाईल, ही भीती. कापणीत निघालेल्या पट्ट्या आणि तुकडे ती वर्षानुवर्षं पोत्यात भरून कपाटामागे कुलपात ठेवायची. त्यांनाही पाय फुटू नयेत म्हणून.

आणि नेमका तेव्हा तिचा डोळा आडवा आला. मोतीबिंदू पिकला. आधी तिला चष्म्याच्या दुकानदाराचा संशय आला, मग डॉक्टरांचा. शेवटी खडूची रेघ दिसेना तेव्हा झक मारत ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, कापडाच्या धुळीत जायचं नाही. इस्पितळाला कोट द्यायची तारीख तर डोक्यावर. त्या व्याख्यानवाल्या बाईंचा प्रश्न असा डोळ्यात औषध घालून समोर उभा राहिला.

वहिनीने मागच्या खोलीची किल्ली माऊच्या हातात दिली तेव्हा मी तिथेच होते. स्वतःची दाढ काढून द्यावी लागावी तसा तिचा चेहरा. माऊने किल्ली घेतली. घरी येताना वहिनी मला म्हणाली, "बघा, साधं 'काळजी करू नका' सुद्धा म्हणाली नाही."

दुसऱ्या दिवशी मी घरीच होते, वहिनीच्या डोळ्यात थेंब घालायला. दुपारी फोन वाजला. माऊचा. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, पण अलीकडचं सगळं आलं.

"कसली शंका?... बाही? बाहीचं काय?... हे बघ, तो कागद मी आज काढलेला नाही. त्या कागदावर मी हजारो कोट कापलेत. आजवर कुणाची तक्रार आली नाही आणि तुला पहिल्याच दिवशी शंका? कागद आहे तसा ठेव आणि काप. शिकायचं असेल तर दुसरीकडे जाऊन शिक."

फोन ठेवून ती मला म्हणाली, "बाही कशी मोजायची ते काढून घेत होती माझ्याकडून. ताकास तूर लागू देत नाही मी."

मी थेंबांची बाटली बंद केली. मला तरी कापणीतलं काय कळत होतं?

पहिला कोट शिवून झाला तेव्हा मी कारखान्यात परतले होते. काज केली, बटणं लावली आणि नेहमीसारखा अंगात घालून बघितला. माझे दोन्ही हात मनगटाच्या वर चांगले उघडे. आधी वाटलं, मीच जाड झाले. मग इस्त्रीवालीला घातला. ती काडीपैलवान, तिचेही हात उघडे. सगळ्या बायका उठून आल्या. माऊ उठली नाही. ती मशीनसमोर मान खाली घालून बसली होती. मागच्या खोलीत सगळ्या बाह्या कापून रचलेल्या होत्या, आणि तागा संपलेला होता.

वहिनीला कळवलं तर ती डॉक्टरांचं सगळं धाब्यावर बसवून काळा चष्मा लावून जिना चढून आली. एक कोट उचलला, बाही हाताला लावली. तिचा चेहरा पांढराफटक पडला, मग लाल झाला.

"माऊ, इकडे ये."

माऊ आली.

"कुणी किती दिलेत तुला? माझं काम बुडवायला?"

"कुणीही काही दिलं नाही, ताई."

"मग हे काय आहे? कागद बदललास? खरा घरी नेलास आणि इथे हा ठेवलास?"

माऊच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राहवलं नाही. इतकी वर्षं मी त्या घरात मूग गिळून बसले, त्या दिवशी नाही बसले. सगळ्यांसमोर म्हटलं, "तिने फोन करून विचारलं होतं तुला. मी तिथे होते. 'आहे तसा काप' तू म्हणालीस."

"कारण कागद बरोबर आहे!" वहिनी ओरडली. "आणा तो कागद. मी दाखवते आखून. हिने काय केलंय ते कळेल सगळ्यांना."

पहिल्यांदाच मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आम्ही सगळ्या त्यात उभ्या होतो. तिने एक जुनी चादर टेबलावर पसरली. बाहीचा कागद ठेवला, तळव्याने दाबला. दुसऱ्या हातात खडू घेतला. वरून गोलाई काढली, कडेने सरळ खाली आली. कागद जिथे संपला तिथे तिचा हात थांबला नाही. डाव्या हाताची चार बोटं आपोआप कागदाच्या खाली टेकली आणि खडू त्या बोटांच्या पलीकडून फिरून गेला. रेघ पुरी झाली.

वहिनीने आपल्या बोटांकडे पाहिलं. चष्मा काढला, परत पाहिलं. मग खडू टेबलावर ठेवून स्टुलावर बसली.

मैत्रीण गेली त्या वर्षी तिनेच बाहीचा नवा कागद काढला होता, मुद्दाम चार बोटं आखूड. पुन्हा कुणी नमुने चोरले तर चोराचे कोट आखूड निघावेत, आणि काचेत आखूड बाही दिसली की चोर आपोआप सापडावा. कापताना ती स्वतः चार बोटं वाढवायची. आधी लक्षात ठेवून, मग सवयीने, मग तर ठाऊक नसताना. तिच्या हाताला सगळं आठवत होतं आणि तीच साफ विसरून गेली होती. हे तिने आम्हांला तिथेच सांगितलं, कुणाकडेही न बघता. मला तिचा राग आला होता आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. दोन्हींपैकी मी काहीच केलं नाही.

"कागद हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं मला," माऊ हळूच म्हणाली. "पण फोनवर तुम्ही तसं बोललात. पुन्हा विचारलं असतं तर तुम्ही मला काढलं असतं, ताई."

"काढलं असतं," वहिनी म्हणाली.

तारीख तोंडावर आली होती आणि नवी बाही निघेल असा कापडाचा एक तुकडा शिल्लक नव्हता. इतक्यात माऊने विचारलं, "पोत्यांमध्ये काय आहे?"

पोती उघडली. वर्षानुवर्षांच्या पांढऱ्या पट्ट्या. माऊने त्या उजेडात धरून एकसारख्या पांढऱ्या रंगाच्या वेगळ्या काढल्या. मग खडू घेतला आणि कुठलाही कागद न घेता, थेट कापडावर, बाहीच्या तोंडाला बसेल अशी रुंद मनगटपट्टी आखली. टोकाला जरा तिरकी, म्हणजे हात धुताना वर दुमडता येईल. एकदाही खोडली नाही. मी वहिनीकडे बघत होते. जिच्याकडून नमुने चोरीला जातील म्हणून तिने रात्रंदिवस डोळ्यात तेल घातलं, त्या बाईला नमुने चोरायची गरजच नव्हती. आणि ही बाई उद्या इथून निघाली तर तिला अडवायला कुठलंही कुलूप पुरणार नव्हतं. दोन्ही गोष्टी वहिनीला एकाच वेळी कळत होत्या, आणि मला वाटतं दुसरीने ती जास्त घाबरली.

कोट पोचते करायला गेलो तेव्हा इस्पितळाच्या भांडारातल्या बाईंनी पट्टी उलटीपालटी करून बघितली. "हे ठरलं नव्हतं."

मला वाटलं, वहिनी आता काहीतरी नवी फॅशन वगैरे सांगेल. ती म्हणाली, "बाही आखूड कापली गेली. चूक माझी. पट्टी आमच्या कारागीर बाईंनी बसवली." भांडारातल्या बाईंनी एक कोट घालून हात वरखाली केले, पट्टी दुमडली, उलगडली आणि घ्यायला सांगितलं. वरून म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी विचारा. 'पुढच्या वेळी' म्हणाल्या, एवढंच आम्हांला ऐकू आलं.

वहिनीने त्याच आठवड्यात माऊला अर्धी भागीदारी देऊ केली. तेही सर्वांसमोर, जेवणाच्या सुट्टीत. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. माऊ म्हणाली, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी तिने डबा बाजूला सारला आणि सरळ विचारलं, "ताई, यात कुठे चार बोटं कमी आहेत?"

सगळ्यांचे घास हातात राहिले. मला वाटलं, झालं, आता भडका. पण वहिनी उठून तिच्या समोर येऊन बसली.

"खालची जागा अजून पक्की नाही," ती म्हणाली. "दुसरा डोळा व्हायचाय, तेव्हा पुन्हा मी नसेन. माझा स्वभाव तुला माहीत आहे. आणि तू कधीतरी सगळं घेऊन जाशील असं मला आजही मधूनच वाटतं. तेही सांगून ठेवते."

माऊने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी मशीन बघत होते, ते खरं होतं. स्वतःचंच काहीतरी काढायचं मनात होतं. अजूनही आहे."

"मला ठाऊक होतं."

"आता हाती घेतलेले कोट संपेपर्यंत आहे मी. पुढचं पुढे बघू."

वहिनीने मान हलवली. संध्याकाळी घरी आल्यावर तिने पाय धुतले, दिवा लावला, आणि स्वयंपाकघराच्या दारात नुसतीच उभी राहिली. "वन्सं, ती राहील का हो?"

इतक्या वर्षांत तिने मला कोण काय नेईल हे शंभरदा विचारलं होतं. कोण राहील हे पहिल्यांदाच विचारलं. माझ्याच्याने खोटं बोलवेना.

"माहीत नाही," मी म्हटलं. "जाईलही."

"मग मी काय करू?"

"उद्या तिला कापू दे. तू तिच्या मशीनवर बस."

ती माझ्याकडे बघत राहिली, माझ्यावरही तिला आता संशय आला असावा. पण दुसऱ्या दिवशी ती खरंच माऊच्या मशीनवर बसली. मागच्या खोलीतून कापणीच्या मशीनची घरघर येत होती. मध्येच ती थांबायची, आणि थांबली की वहिनीची मान तिकडे वळायची. पायडलवरचा पाय उचलला जायचा. आम्ही सगळ्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होतो. घरघर पुन्हा सुरू व्हायची, मग तिचाही पाय पुन्हा पायडलवर जायचा. दुपारपर्यंत तिच्या शिलाया तीनदा वाकड्या गेल्या आणि तिने तिन्ही वेळा उसवून परत घातल्या. उठून बघायला मात्र गेली नाही.